शेवटच्या पंगतीतल्या बायका

नारायण पेठेतल्या आमच्या वाड्याची आठवण निघाली की बोलणं फिरून फिरून खाण्यावर येतं. वाड्याच्या जागी इमारत उभी राहून कितीतरी वर्षं झाली. आम्ही चुलत-आते भावंडं कोथरूड, धायरी, ठाणे, न्यू जर्सी अशी पांगलो. पण व्हॉट्सॲपवर कुणी वरणफळांचा फोटो टाकला, की पुढचे दोन दिवस तोच विषय. मोठ्या काकूंची भरली वांगी, आईचं अळूचं फदफदं, आत्याच्या हातची चाकवताची ताकातली भाजी. ‘तसं खाणं आता नाही राहिलं’ हे वाक्य कुणीतरी लिहितंच आणि त्याखाली अंगठ्यांची रांग लागते.

असंच चाललं असताना एकदा धाकट्या काकूंच्या डोहाळजेवणाचा फोटो वर आला. १९६३च्या आसपासचा असावा. फुलांची वाडी, झोपाळा, हिरवी साडी (फोटो काळा-पांढरा, पण साडी हिरवीच असणार), भोवती आम्ही दात पडलेली पोरं. आमची एक बहीण बाळंतपणाची डॉक्टर आहे. तिनं फोटो मोठा करून पाहिला आणि लिहिलं, ‘काकूचा चेहरा बघा कसा सुजलाय. जिना चढताना मध्येच पायरीवर बसायची, आठवतंय? हिचं हिमोग्लोबिन त्या वेळी सात-आठ असेल.’ पायरीवर बसलेली काकू सगळ्यांना आठवत होती. अंगठा मात्र कुणीच दिला नाही.

मग आम्ही बहिणींनी वेगळा गट केला. भावांना वगळलं, त्यांना वाईट वाटलं असेल तर वाटो; त्यांच्या आठवणी पहिल्या पंगतीच्या होत्या. आम्हाला हवी होती शेवटची.

वाडा मोदी गणपतीच्या अंगाला, नदीकडच्या बाजूला. पुरुषमंडळी दहाला जेवून कचेरीत जात. त्यांच्याच पंगतीला आजोबा, आगेमागे शाळेची पोरं, मग आला-गेला. सोवळंओवळं, नैवेद्य, मागची आवराआवर होऊन बायकांची पानं पडायची ती दोनच्या सुमाराला. तोवर पालेभाजीचं पातेलं खरवडलेलं असायचं. पोळ्या असत, भात असे, आमटीत पाणी घालून ती वाढवलेली असे. उपाशी कुणीच राहत नव्हतं, हे आधी सांगून टाकते. आमचं घर गरीब नव्हतं. दाणे, गूळ, तूप, डाळी, सगळं कोठीत होतं.

ताटाच्या डाव्या बाजूची गंमत माझ्या मोठ्या बहिणीला आठवली. पहिल्या पंगतीत डावीकडे मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर अशी रीतसर मांडणी. लिंबू चुकलं तर आजोबा पानावर बोट ठेवून थांबायचे. बायकांच्या पंगतीत डावी बाजू रिकामीच. ‘आपल्याआपल्यांत कशाला ते?’ असं म्हणून आई स्वतःच्या ताटात लिंबू घ्यायची नाही. घेतलंच तर लोणच्याचा खार.

आणि तीनला चहा. हा मुद्दा डॉक्टर बहिणीनं काढला आणि आम्ही सगळ्या गप्प झालो. धान्य-भाजीतलं लोह आधीच अंगी कमी लागतं. सोबत लिंबू किंवा आवळा असेल तर ते जास्त शोषलं जातं, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर त्यातलं टॅनिन ते अडवून ठेवतं. दहाला जेवलेल्या आजोबांच्या पोटात तीनच्या चहापर्यंत जेवण जिरून गेलेलं असायचं. अडीचला उठलेल्या आईच्या जेवणावर तोच चहा अर्ध्या तासात पडायचा. एकाच चुलीवरचं, एकाच पातेल्यातलं अन्न. पण वेळेच्या आणि लिंबाच्या फरकानं एकाला लागायचं, दुसरीला नाही. इतकी वर्षं आम्ही ‘बायका मागाहून जेवायच्या’ हे अन्यायाच्या खात्यावर लिहीत आलो होतो, ते रक्ताच्या हिशेबातही धरायला हवं होतं.

हिशेब तसा सोपा आहे. एका गरोदरपणाला साधारण १००० मिलिग्रॅम लोह लागतं. त्यातलं तीनशेच्या आसपास बाळ आणि वार घेतात, पाचशेच्या आसपास आईचं स्वतःचं रक्त वाढवण्यात जातं, बाकीचं रोजच्या झिजेत. या काळात रक्तातलं पाणी जवळजवळ निम्म्यानं वाढतं, त्यामुळे रक्त थोडं पातळ दिसणं स्वाभाविक आहे. म्हणून तर एरवी बारा असलेली हिमोग्लोबिनची सीमा जागतिक आरोग्य संघटनेनं गरोदर बाईसाठी अकरावर आणली. सातच्या खाली गेलं की तीव्र पंडुरोग. बाळंतपणात थोडा जास्त रक्तस्राव झाला, तरी अशी बाई तग धरत नाही. आईच्या साठ्यात लोह असेल तर नऊ महिने निभतात. साठा लग्नाआधीच आटलेला असेल तर पहिल्या महिन्यापासून उसनवारी.

आमच्या घरी मात्र ‘गरोदरपणात असं होतंच’ हे उत्तर तयार असायचं. दम लागतो? होतंच. चक्कर येते? पित्त असेल. पाय सुजतात? दिवस भरत आलेत. कोपऱ्यावरचे डॉक्टर बोलावल्यावर घरी येत. ते काकूची खालची पापणी बोटानं ओढून पाहायचे, जीभ काढायला लावायचे, नखं दाबून सोडायचे. मग विचारायचे, “जेवण जातं का?” प्रश्न काकूला, आणि उत्तर दाराशी उभ्या आजीचं. “घरात सगळं आहे हो डॉक्टर, हिलाच काही नको असतं.” काकू मान डोलवायची. पुढे कुणी ‘किती वाजता जेवता, ताटात काय असतं’ असं विचारल्याचं आमच्यापैकी एकीलाही आठवत नाही. लोहाचं तपकिरी टॉनिक यायचं. अगदीच पांढरी पडली तर कमरेत इंजेक्शन, ज्याचा काळसर डाग पुढे महिनोन्‌महिने तिथं राहायचा.

टॉनिकचीही गत सांगण्यासारखी. त्यानं मळमळायचं, पोट बांधलं जायचं, शौचाला काळं व्हायचं. काळं झालं की घरात घबराट: औषध उष्ण पडलं, बंद करा. लोहाचं औषध घेतल्यावर असं होतंच, हे एक वाक्य कुणी समजावून सांगितलं असतं तर कितीतरी बाटल्या संपल्या असत्या. आत्या तर कबूलच करते की तिची गोळी तुळशीच्या कुंडीत जायची.

उपासांबद्दल आमच्यात दोन तट पडले. एकीचं म्हणणं, उपास होते म्हणून राजगिऱ्याचा लाडू, दाणे, रताळी तरी बायकांच्या पोटात जायची. खरं आहे, राजगिऱ्यात लोह चांगलं असतं. पण आमच्याकडे उपास म्हणजे मुख्यतः साबुदाणा, आणि तो नुसता पिठूळपणा. चातुर्मासात कुणाचं एकभुक्त, कुणाचे सोळा सोमवार; वर संकष्टी, एकादशी आणि हरतालिकेचा निर्जळी दिवस. ‘दिवस गेलेत, या वर्षी नको’ असं एखादी समजूतदार सासू म्हणायचीही. पण तिसरा-चौथा महिना होईपर्यंत सांगायचंच नाही, हा रिवाज असल्यामुळे पहिले उपास तर झालेलेच असायचे. ज्या काळात बाईला उलट्यांनी अन्न टिकत नाही, नेमका तोच काळ.

त्याहून मला नवल वाटतं ते ‘उष्ण’च्या यादीचं. अळीव उष्ण, तीळ उष्ण, बाजरी उष्ण, गूळ जपून. ज्यांत लोह बऱ्यापैकी, त्यांतल्या कितीतरी गोष्टी पोटुशीला बंद. बाळंत झाली रे झाली, की त्याच गोष्टी डब्यांतून निघायच्या. अळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, खारीक-खोबरं, बाळंतशेपा, बाजरीची भाकरी. म्हणजे भरपाई होती, भरघोस होती, पण तूट पडून झाल्यावर. माहेरच्या बाळंतपणाचं मोल मात्र मी कमी करणार नाही. सातव्या महिन्यानंतर माहेरी गेलेली मुलगी पहिल्यांदा वेळेवर जेवायची, कारण तिथं तिची आई तिला आधी वाढायची. आमच्या आया ज्या सुखानं माहेरपण सांगत, त्यात प्रेमाइतकाच गरम भाताचाही वाटा होता.

आजीची गोष्ट आणखी मागची. तिचं लग्न अकराव्या वर्षी झालं, पहिलं मूल पंधराव्या. अकरा बाळंतपणं, जगली सात मुलं. पंधराव्या वर्षी मुलीची स्वतःचीच वाढ चालू असते; तिचं अंग आणि पोटातलं मूल एकाच शिध्यावर. संमतिवयाच्या कायद्यानं १८९१ साली शरीरसंबंधासाठी मुलीच्या वयाची मर्यादा दहावरून बारा केली, तेव्हा टिळकांनी विरोध केला आणि आगरकरांनी बाजू घेतली, हे पुण्यात शाळेतली मुलंही जाणतात. विरोध सरकारच्या ढवळाढवळीला होता, असं आजोबा समजावत. असेल. पण त्या वादात बारा-चौदा वर्षांच्या मुलीच्या अंगातल्या रक्ताचा विचार आगरकरांच्याच बाजूला जास्त होता, असं माझं मत आहे. ज्या केसरी वाड्याचा आमच्या पेठेला अभिमान, तो टिळकांनी १९०५ साली घेतला. त्याच्यावरून रोज जाणाऱ्या माझ्या आजीच्या वाट्याला त्या अभिमानातलं फारसं आलं नाही. मुलीच्या लग्नाला चौदा वर्षांची अट घालणारा सारडा कायदा लागू झाला १ एप्रिल १९३० रोजी, आणि तोवर तिच्या पदरात चार मुलं होती.

आयांच्या पिढीची लग्नं अठरा-विशीत झाली, पण पाठोपाठची बाळंतपणं सुटली नव्हती. अंगावरचं मूल सुटतं न सुटतं तोच पुढचे दिवस. रिकामा झालेला साठा भरायला दोन वर्षं तरी लागतात, तीच मिळत नव्हती. पुण्यात शकुंतलाबाई परांजपे १९३८पासून संततिनियमनाचं काम करत होत्या. ‘कुंकू’ चित्रपटात काम केलेल्या, रँग्लर परांजप्यांच्या कन्या आणि पुढे राज्यसभेवर गेलेल्या. त्यांचं नाव वाड्यात कुजबुजीतच निघायचं. मोठ्या काकू तिसऱ्या मुलानंतर ‘तुळशीबागेत जाऊन येते’ असं सांगून कुठे जाऊन आल्या, ते आम्हाला त्या ऐंशीच्या झाल्यावर कळलं. पुढे १९६५च्या सुमाराला लूप आला. त्यानं पाळणा लांबला खरा, पण काहींना पाळीत इतकं जायला लागलं की एका दारानं वाचवलेलं रक्त दुसऱ्यानं गेलं. सांगणार कुणाला? त्या चार दिवसांत ‘बाजूला’ बसलेल्या बाईला किती जातं, हे विचारायची पद्धतच नव्हती.

आमच्या वाड्यात एक गोष्ट चांगली होती, ती म्हणजे लोखंडाची भांडी. पळी, तवा, खोल कढई. चिंच-गुळाची आमटी त्या कढईत ठेवली की काळपट व्हायची आणि आजोबा कुरकुरायचे. त्या काळपटपणातच लोह होतं. आंबट पदार्थ लोखंडात शिजला की भांड्यातलं थोडं लोह अन्नात उतरतं, हे आता प्रयोगांनी माहीत झालं आहे. १२ जुलै १९६१ला पानशेतचं पाणी आमच्या माजघरात छातीएवढं चढलं. चिखल उपसताना कढई सापडली, तांब्या-पितळेचं बरंच गेलं. त्यानंतर घरात आलं ते हिंडालियम, मग स्टील, मग कुकर. गंजते म्हणून कढई मागे पडली आणि शेवटी एका भावाच्या गच्चीवर तिच्यात ओवा लावला गेला. आता न्यू जर्सीतली त्याची मुलगी भरपूर डॉलर मोजून बिडाचा जड तवा घेते आणि त्याचे फोटो आम्हालाच पाठवते.

पेन्सिली आठवतात? पाटीवरच्या. आमच्या दप्तरांतून त्या नाहीशा व्हायच्या आणि आम्ही एकमेकांच्या झिंज्या उपटायचो. खायची धाकटी काकू. सारवलेल्या भिंतीचा ओला वासही तिला हवाहवासा वाटायचा, पोतेऱ्याजवळ बसून राहायची. डोहाळे म्हणून सगळे कौतुकानं हसायचे. माती, खडू, राख, बर्फ असं खावंसं वाटणं हे लोह कमी असल्याचं लक्षण असू शकतं, आणि अशा वेळी थट्टा सोडून रक्त तपासायचं असतं, हे डॉक्टर बहिणीनं सांगितलं तेव्हा काकूला जाऊन बरीच वर्षं झाली होती.

या सगळ्यात एक बाई आमच्या गटात कुणीच आधी काढली नाही, आणि ते बोलायला हवं. भांडी घासायला येणारी. दांडेकर पुलाकडून अनवाणी चालत यायची, नववा महिना लागेपर्यंत विहिरीचं पाणी शेंदायची. शिळी पोळी तिला दारात मिळायची, दुपारी तीनला चहा तिलाही. तिच्या मागे जे होतं ते आमच्या आयांमागे नव्हतं: उघड्यावरचे विधी, अनवाणी पायांतून शिरणारे आणि आतड्यात रक्त पिणारे आकडेकृमी, पावसाळ्यातला हिवताप, आणि विश्रांतीला माहेर नाही. आमच्या घरातली बाई फिकी पडत होती ती रिवाजानं. हिला रिवाजही होता आणि दारिद्र्यही.

अशाच कष्टकरी बायकांमुळे या विषयातला एक मोठा शोध आपल्या मुंबईत लागला. १९२८ साली लूसी विल्स नावाची ब्रिटिश संशोधक तिथं आली. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना जीवघेणा पंडुरोग का होतो, हे तिला शोधायचं होतं. हा पंडुरोग लोहाच्या कमतरतेचा नव्हता, त्यात रक्तपेशी उलट मोठ्या होत. तिनं या बायकांचं खाणं तपासलं, परळच्या हाफकिन संस्थेत प्रयोग केले, आणि स्वस्तातला यीस्टचा अर्क दिल्यावर बायका बऱ्या होतात हे १९३१ साली जगापुढे मांडलं. त्या अर्कातलं तत्त्व म्हणजे फॉलिक ॲसिड. पुढे १९४१ साली ते पालकाच्या पानांतून वेगळं काढलं गेलं. आज जगभर गरोदर बाईला दिल्या जाणाऱ्या गोळीत लोहाच्या जोडीला जे असतं, त्याचा धागा गिरणगावातल्या बायकांपर्यंत जातो. त्यांची नावं कुठं लिहिलेली नाहीत.

आणि तिसरं, बी-१२. ते शाकाहाऱ्यांना दूध-दह्यातूनच काय ते मिळतं. आमच्याकडे रतीबाचं दूध आधी आजोबा, मग पोरं, मग चहा. बायकांना ताकाचं पाणी. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणींमध्ये बी-१२ कमी आढळलं. ज्या आयांच्या खाण्यात पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा येत होतं, त्यांची बाळं वजनानं बरी होती. आमची मोठी काकू इतकंच म्हणायची, ‘पोरीला भाजी वाढा.’ पण वाढायला भाजी उरलेली हवी ना!

आता पुढची पिढी. आमच्या सुना-भाच्या सगळ्यांबरोबर जेवतात, लग्न तिशीच्या आसपास करतात, मूल एक किंवा दोन. तरी एकीचा पहिल्याच तपासणीत आकडा नऊच्या आत आला. सकाळी काही न खाता कॉफी, दुपारी डब्यातला भात, वजन वाढू नये म्हणून संध्याकाळी सॅलड, आणि वर्षानुवर्षं जड जाणारी पाळी, जिच्याबद्दल तिनंही कुणाला सांगितलं नव्हतं. एवढं एक आमच्या आयांकडून तिच्यापर्यंत जसंच्या तसं आलं. महाराष्ट्राचा आकडाही फार वेगळं सांगत नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या गरोदर स्त्रियांपैकी ४५.७ टक्के जणींना पंडुरोग होता, देशात ५२.२ टक्के. लोहाच्या गोळ्या वाटायचा सरकारी कार्यक्रम १९७०पासून चालू आहे.

म्हणून ज्यांच्या घरी लेक-सून पोटुशी आहे त्यांना एवढंच सांगते. हिमोग्लोबिन पहिल्या तीन महिन्यांतच तपासून घ्या, आणि पुन्हा सातव्या महिन्यात. चौथ्या महिन्यापासून लोह-फॉलिकची गोळी रोज, किमान १८० दिवस. चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर चालेल. मळमळलं तर रात्री झोपताना घ्यावी, कुंडीत टाकू नये. जंताचं औषध आणि बी-१२ची तपासणी डॉक्टरांना विचारून. तुमच्याकडे कामाला येणारी बाई गरोदर असेल तर तिलाही हे सांगा आणि तपासणीच्या दिवशीची सुट्टी पगारी द्या. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची तपासणी होते, त्यात हिमोग्लोबिनही पाहतात, आणि तिला पैसे पडत नाहीत.